टाइम स्टेप ठरवण्याआधी

बडोदे

चि. …,
अनेक आशीर्वाद.

मकरपुऱ्यातल्या कारखान्याचं मॉडेल पाहिलं. छतावरचा सोलर इन्व्हर्टर, 340 मीटर केबल आणि ट्रान्सफॉर्मर एकाच फाइलमध्ये, आणि टाइम स्टेप (गणित वेळेत जेवढ्या टप्प्यांनी पुढे सरकतं तो टप्पा) सरसकट 1 मायक्रोसेकंद. अशा स्टेपने दिवसभराचं तापमान काढायचं तर 8,640 कोटी स्टेप्स होतात. म्हणून तुझं सिम्युलेशन संपत नाहीये.

तापमानाची फाइल वेगळी कर. ट्रान्सफॉर्मरच्या तेलाचा टाइम कॉन्स्टंट (तापमान बदलायला लागणाऱ्या वेळेचं माप) तासांत, वाइंडिंगचा (तारेच्या गुंडाळीचा) 4 ते 10 मिनिटांचा. त्यातल्या लहानाच्या निम्म्याहून कमी स्टेप हवी, म्हणजे 1 मिनिट पुरे. इन्व्हर्टरचं स्विचिंग (आतल्या स्विचेसची सतत चालू-बंद) इथे काढूनच टाक, फक्त करंट दे. पण तासाभराच्या करंटची साधी सरासरी घेऊ नकोस. तांब्यातला लॉस करंटच्या वर्गावर चालतो. अर्धा तास 0.4 पट आणि अर्धा तास 1.2 पट लोड असेल, तर सरासरी 0.8, तिचा वर्ग 0.64, खरा आकडा, म्हणजे वर्गांची सरासरी, मात्र 0.80. लॉस 20 टक्के कमी दिसेल आणि ट्रान्सफॉर्मर उगाच थंड वाटेल. ही चूक आलेखात कुठेच दिसत नाही, म्हणून तिची जास्त काळजी वाटते.

हार्मोनिक्स (मूळ फ्रिक्वेन्सीच्या पटीतल्या लहरी) हवे असतील तर स्विचिंग ठेवावंच लागेल. 10 किलोहर्ट्झला एक आवर्तन 100 मायक्रोसेकंदांचं. तिथे 10 मायक्रोसेकंदांची स्टेप घेतलीस तर पल्सची रुंदी 10-10 टक्क्यांच्या उड्या मारते आणि प्रत्यक्षात नसलेले हार्मोनिक्स उगवतात. 1 मायक्रोसेकंद किंवा त्याहून बारीक घे. नुसता कंट्रोल तपासायचा असेल तर स्विचिंग वगळलेलं सरासरी मॉडेल आणि 50 मायक्रोसेकंद चालतील.

केबलमध्ये लहर मायक्रोसेकंदाला साधारण 170 मीटर जाते. तुझी केबल ती 2 मायक्रोसेकंदांत ओलांडते. स्टेप त्याहून मोठी असेल तर ट्रॅव्हलिंग वेव्ह मॉडेल (लहरीचा प्रवास धरणारं) सोडून पाय-सेक्शन (केबलऐवजी काही ठरावीक घटकांचं साधं सर्किट) वापर. आकाशातल्या विजेच्या 1.2/50 इम्पल्ससाठी (1.2 मायक्रोसेकंदांत चढून 50 मध्ये निम्म्यावर येणारा धक्का) 0.05 मायक्रोसेकंद घे. मात्र ट्रान्सफॉर्मर तेव्हा नुसता आर-एल (रेझिस्टन्स आणि इंडक्टन्स) ठेवलास तर कितीही बारीक स्टेप व्यर्थ. तिथे वाइंडिंगच्या कपॅसिटन्सचं राज्य असतं.

ब्रेकर उघडल्यावर व्होल्टेज दर स्टेपला वर-खाली उलटतंय, ते ट्रॅपेझॉइडल पद्धतीचं (प्रोग्रॅमच्या आकडेमोडीच्या रीतीचं) आहे, सर्किटचं नाही. स्विच झाल्यावर दोन अर्ध्या स्टेप्स बॅकवर्ड ऑइलर या दुसऱ्या पद्धतीने घ्यायची सोय चालू कर. शिवाय तू दर पन्नासावाच बिंदू साठवतोयस, त्यात शिखर हरवतं.

सोमवारी तापमानाचे 1 मिनिट आणि 30 सेकंद स्टेपचे असे दोन्ही आलेख एकावर एक काढून पाठव.