दारावरचे तीन पोचे आणि सात लाखांचा विमा

नाशिकच्या एका वाचकांचं पत्र आलं आहे. वय ३८, खासगी कंपनीत नोकरी, हातात येणारा पगार ९५ हजार. चार वर्षं जुनी पेट्रोल गाडी. सोसायटीच्या अरुंद पार्किंगमध्ये शेजारच्या गाड्यांची दारं लागून मागच्या डाव्या दारावर दोन आणि पुढच्या फेंडरवर एक, असे तीन पोचे पडलेत. रंग कुठेच उडालेला नाही. पेंट न करता पोचे काढून देणाऱ्या माणसाने तिन्हींचे मिळून साडेसात हजार सांगितले. अधिकृत वर्कशॉपने दोन पॅनलच्या डेंटिंग-पेंटिंगचे १९ हजार सांगितले आणि वर सल्ला दिला, ‘झीरो डेप आहे ना साहेब, क्लेम टाका, तुम्हाला फक्त हजार रुपये भरायचेत.’ (झीरो डेप म्हणजे सुट्या भागांची झीज न कापता खर्च देणारं कव्हर.) वाचकांचा प्रश्न असा की विमा असताना खिशातून साडेसात हजार का घालायचे? दोन वर्षांनी गाडी विकायची आहे, तोवर ती चकाचक दिसली तर किंमत चांगली येईल, अशीही त्यांना आशा आहे.

पत्राच्या शेवटी त्यांनी घरचा हिशोब दिला आहे. त्यातली एक ओळ मी इथे तशीच ठेवतो: ‘माझा स्वतःचा विमा आहेच, दोन पॉलिसी मिळून सात लाख. टर्म घेतला नाही, कारण त्यात काही परत मिळत नाही.’ (टर्म म्हणजे मुदतीत मृत्यू झाला तरच पैसे देणारा विमा.)

आधी तुमच्या प्रश्नाचं उत्तर. क्लेम टाकू नका.

तुमची तीन वर्षं क्लेमशिवाय गेली आहेत, म्हणून आज तुम्हाला ओन डॅमेज प्रीमियमवर, म्हणजे स्वतःच्या गाडीच्या नुकसानीसाठीच्या हप्त्यावर, ३५ टक्के नो क्लेम बोनस मिळतो. दोन महिन्यांनी नूतनीकरण आहे, तेव्हा तो ४५ होईल आणि त्याच्या पुढच्या वर्षी ५०. एक क्लेम टाकलात की तो शून्यावर येतो आणि पुन्हा २०, २५, ३५, ४५ असा पायरी-पायरीने चढतो. म्हणजे पुढच्या पाच वर्षांत तुम्ही अनुक्रमे ४५, ३०, २५, १५ आणि ५ टक्के सवलत गमावता. तुमच्या पॉलिसीत बोनस धरण्याआधीचा ओन डॅमेज प्रीमियम १२ हजार दिसतो. तो दरवर्षी थोडा उतरतो असं धरलं तरी बेरीज १३ हजारांवर जाते, आणि १८ टक्के जीएसटी मिळवला की साडेपंधरा. त्यात १५०० सीसीपर्यंतच्या गाडीला प्रत्येक क्लेममागे भरावे लागणारे ते हजार. ‘फक्त हजार रुपयांचं’ काम झालं साडेसोळा हजारांचं. पेंट न करता पोचे काढणाऱ्याचे, म्हणजे पीडीआरवाल्याचे, साडेसात आहेत.

दोन वर्षांनी गाडी विकणार, मग पाच वर्षांचा हिशोब कशाला, असं म्हणू नका. हा बोनस गाडीचा नसतो, मालकाचा असतो. जुनी गाडी विकताना कंपनीकडून तसं पत्र घेतलं की तो नव्या गाडीला लागतो, आणि नव्या गाडीचा ओन डॅमेज प्रीमियम आत्ताच्यापेक्षा बराच मोठा असतो. तिथे ५० टक्क्यांऐवजी २०-२५ टक्के मिळाले तर माझ्या आकड्यापेक्षा जास्तच नुकसान होईल. तुम्ही इंजिन, टायर, चावी असे सगळे ॲड-ऑन घेतलेत. बोनस वाचवणारा तेवढा घेतलेला नाही. टायर आणि चावीचं कव्हर पुढच्या वेळी काढून टाका.

आणखी एक गोष्ट मला खटकते. तीन पोचे तीन वेगवेगळ्या दिवशी पडलेत, म्हणजे नियमाने ते तीन क्लेम. वर्कशॉपवाले फॉर्मवर ‘खांबाला गाडी घासली’ असं एकच कारण लिहितात आणि तुमच्यापुढे सहीला ठेवतात. खोट्या माहितीखाली सही तुमची असते, वर्कशॉपची नाही. उद्या खरा मोठा अपघात झाला तर तुमच्या नावावर असली फाइल कशाला हवी?

पीडीआर हे काम चांगल्या हातात असेल तर खरंच चांगलं होतं. कारागीर दाराशेजारी पट्ट्यापट्ट्यांचा एलईडी दिवा लावतो. पत्रा सपाट असेल तिथे पट्टे सरळ दिसतात, पोच्यावर वाकतात. काचेच्या फटीतून किंवा दाराच्या कडेचं रबरी बूच काढून तो लांब पोलादी सळई आत सारतो आणि त्या वाकलेल्या पट्ट्यांकडे बघत पत्रा आतून जरा-जरा रेटतो. एकाच ठिकाणी जोर दिला तर बाहेर टेंगूळ येतं आणि ते पुन्हा प्लास्टिकच्या टोकाने ठोकून बसवावं लागतं. सळई पोचत नाही तिथे बाहेरून गोंदाने टॅब चिकटवून ओढतात. लांबी (पुट्टी) भरावी लागत नाही, शेड जुळवावी लागत नाही, कारखान्यातला मूळ रंग तसाच राहतो. मात्र रंगाला चीर गेली असेल, पोचा दाराच्या उठावदार रेषेवर किंवा अगदी कडेला असेल, किंवा आधी तिथे लांबी भरलेली असेल तर हे काम जमत नाही. प्लास्टिकच्या बंपरला तर ते लागूच नाही. पोच्यावरून हलकेच नख फिरवा. अडकलं तर रंग तडकला आहे असं समजा.

विक्रीच्या किमतीची आशा मात्र सोडा. जुन्या गाड्या घेणारे आता हातात पेंटची जाडी मोजणारं यंत्र घेऊन येतात. मूळ रंग साधारण १०० ते १५० मायक्रॉन भरतो. पुन्हा रंगवलेलं पॅनल दोनशेच्या वर जातं आणि खाली लांबी असेल तर त्याच्या कितीतरी पुढे. दोन पॅनल रंगवलेले दिसले की पहिला प्रश्न येतो, ‘गाडी ठोकली होती का?’ म्हणजे क्लेम टाकून केलेलं पेंटिंग विकताना तुमच्याच विरोधात जाणार. उलट दारावरचे छोटे पोचे गाडी घेणारा समोरच बघतो, दोन-पाच हजारांची घासाघीस करतो आणि पुढे जातो. रंग शाबूत असेल तर पोच्याला गंजही चढत नाही. त्यामुळे हे साडेसात हजारसुद्धा आज खर्च केलेच पाहिजेत असं नाही. विकायच्या आधी महिनाभर केलेत तरी चालेल.

आता तुम्ही जे विचारलं नाही त्याबद्दल.

तुमच्या गाडीची आयडीव्ही, म्हणजे विम्यात धरलेली किंमत, साडेसहा लाख आहे. तुमचा स्वतःचा विमा सात लाख. एका बाजूला दरवर्षी उतरत्या किमतीची चार वर्षं जुनी गाडी, दुसऱ्या बाजूला ज्याच्या पगारावर पत्नी, दुसरीत शिकणारी मुलगी आणि गावाकडचे वडील अवलंबून आहेत तो माणूस. आणि दोघांच्या विम्यात फरक पन्नास हजारांचा. पत्र वाचताना मी तिथे थांबलो. तीन पोच्यांसाठी तुम्ही दोन ठिकाणांहून दर मागवलेत, आणि हा प्रश्न एका ओळीत मिटवलात.

हिशोब करू. घरखर्च महिना ४२ हजार, घराचा हप्ता ३१ हजार. म्हणजे ७३ हजार. तुम्ही नसाल तर सात लाख साडेनऊ महिने पुरतात. पीएफचे नऊ लाख धरले तर आणखी वर्षभर. मुलगी चौथीत असेल आणि पैसे संपलेले असतील. घराचं कर्ज तेव्हाही बारापैकी दहा वर्षं शिल्लक.

या सात लाखांसाठी तुम्ही वर्षाला ६० हजार भरता, वीस वर्षांसाठी. सहा हप्ते झाले. एजंटने शेवटी २२ लाख मिळतील असं सांगितलंय आणि तुम्ही पत्रात ‘जवळजवळ दुप्पट’ असं लिहिलंय. बारा लाखांचे बावीस हे ऐकायला बरं वाटतं, पण दरवर्षी भरलेल्या हप्त्यांवर तो परतावा साधारण साडेपाच टक्के पडतो, तोही बोनस एजंटने सांगितल्याइतका जाहीर होत राहिला तर. हेच ६० हजार पीपीएफमध्ये आजच्या ७.१ टक्क्यांनी वीस वर्षं गेले तर साडेसव्वीस लाखांच्या पुढे जातात. एवढं कमी देऊन वर विमाही नावापुरताच. तुमची फसवणूक झाली असं म्हणायला मला अजिबात संकोच वाटत नाही. ९५ हजार कमावणाऱ्या, डोक्यावर २८ लाखांचं कर्ज असलेल्या माणसाला सात लाखांचं कव्हर विकणाऱ्याने एकदा तरी तुमचा महिन्याचा खर्च विचारला होता का?

‘टर्ममध्ये काही परत मिळत नाही.’ गाडीच्या विम्याला तुम्ही यंदा १९ हजार भरलेत. त्यातलं किती परत मिळालं? चार वर्षं काहीच नाही, आणि त्याबद्दल तुमची तक्रारही नाही. तोच न्याय स्वतःला लावा.

किती घ्यायचा? घरखर्च वर्षाला पाच लाख, त्याच्या वीस पट म्हणजे एक कोटी. त्यात २८ लाखांचं कर्ज आणि मुलीच्या उच्च शिक्षणाचे पैसे. दीड कोटी घ्या, साठाव्या वर्षापर्यंत. तुमच्या वयाला, तंबाखू-सिगारेट नसेल तर, वर्षाला २२ ते २६ हजारांच्या आसपास पडेल. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आयुर्विम्यावर जीएसटीही नाही. ‘प्रीमियम परत’ असलेला प्रकार कुणी दाखवला तर नको म्हणा. तिथे हप्ता बराच वाढवून तुमचेच पैसे बिनव्याजी परत करतात. पॉलिसी घेतानाच ती विवाहित महिला संपत्ती कायदा, १८७४ खाली घेत असल्याचा वेगळा अर्ज जोडा. मग ती रक्कम पत्नी आणि मुलीचीच राहते, कर्ज देणाऱ्याला तिच्यावर हक्क सांगता येत नाही. हे नंतर करता येत नाही.

जुन्या पॉलिसींना टर्मचे कागद हातात येईपर्यंत हात लावू नका. ते आले की कंपनीकडून दोन आकडे लेखी मागा: आज सरेंडर केली, म्हणजे मोडली, तर किती, आणि हप्ते थांबवून पेड-अप केली तर मुदतीअखेर किती. उरलेल्या चौदा वर्षांत ७.१ टक्क्यांनी पैसे २.६ पट होतात. म्हणून सरेंडरच्या रकमेला २.६ ने गुणा. उत्तर पेड-अपच्या आकड्यापेक्षा मोठं आलं तर सरेंडर करा, नाहीतर पेड-अप. तिसरा पर्याय, म्हणजे ‘सहा वर्षं भरलेत तर आता चौदा वर्षं ओढू’, माझ्या मते नाहीच. एजंट घरी येऊन भावनिक होईल. होऊ द्या.

मोकळ्या झालेल्या ६० हजारांतून टर्मचा हप्ता जातो, आणि उरलेल्यात तिघांचा स्वतःचा दहा लाखांचा आरोग्य विमा बसतो. कंपनीचं तीन लाखांचं कव्हर नोकरी आहे तोवरच आहे.

शेवटचं आणि सगळ्यात महत्त्वाचं. बीपीची गोळी चालू आहे आणि जुन्या पॉलिसीच्या वेळी एजंटने ‘ते लिहू नका’ म्हटलं, असं तुम्ही सहज लिहून गेलात. टर्मच्या फॉर्मवर ते लिहा. गोळीचं नाव, किती वर्षं चालू आहे, सगळं. वडिलांच्या मधुमेहाचाही प्रश्न असेल, तिथेही खरं उत्तर द्या. हप्ता वाढवून मागतील, कदाचित २५ टक्क्यांनी. तो भरा. विमा कायद्याच्या कलम ४५ नुसार तीन वर्षांनी कंपनीला पॉलिसीवर बोट ठेवता येत नाही, पण त्या तीन वर्षांत काही झालं आणि गोळी लपवलेली निघाली, तर कंपनीशी भांडायला तुम्ही नसाल, पत्नी असतील. फॉर्म एजंटला किंवा बँकेतल्या माणसाला भरू देऊ नका. पत्नीला शेजारी बसवून स्वतः भरा, आणि त्याची एक प्रत त्यांच्याकडे ठेवा.