मग मुंबईत जाऊन का राहिला नाहीत?

टोरांटोतल्या शरणार्थी सुनावण्यांबद्दल मागच्या अंकात मी थोडं लिहिलं होतं. त्यावर आलेल्या पत्रांपैकी तीन आज घेते. पत्रं छोटी केली आहेत आणि माणूस ओळखू येईल असे तपशील काढले आहेत.

प्रश्न : ताई, मुलगा चार वर्षांपूर्वी ब्रॅम्प्टनला शिकायला गेला. द्राक्षबागेवर कर्ज काढून पाठवला. आता वर्क परमिट संपत आलंय आणि पी.आर.चे, म्हणजे कायम राहण्याच्या परवान्याचे, गुण भरत नाहीत. तिथला एक एजंट म्हणतो, "रिफ्युजीची केस टाक, गोष्ट मी लिहून देतो, निकाल लागेपर्यंत निवांत काम करशील." पाच हजार डॉलर मागतोय. टाकू द्यावी का? (एक आई, तासगाव तालुका)

उत्तर : टाकू देऊ नका, ताई. हे आधीच सांगून टाकते, कारण पैसे कदाचित याच आठवड्यात द्यायचे असतील.

संरक्षण कुणाला मिळतं हे कॅनडाच्या २००१ च्या कायद्यातल्या दोन कलमांत आहे. कलम ९६ म्हणतं, वंश, धर्म, राष्ट्रीयत्व, राजकीय मत किंवा विशिष्ट सामाजिक गटातलं असणं, या पाचांपैकी एखाद्या कारणावरून मायदेशी छळ होईल अशी साधार भीती हवी. कलम ९७ यातना, जिवाला धोका आणि क्रूर वागणूक यांबद्दल आहे. त्यात जिवाचा धोकाही त्या माणसावर नेमका रोखलेला असावा लागतो, सगळ्या मुलखाला असतो तसला चालत नाही. बागेवरचं कर्ज यात कुठेच बसत नाही. कर्जापायी माणसाची झोप कशी उडते, हे सातारच्या कोर्टात वकिली करताना मी जवळून पाहिलंय. तुमची काळजी खोटी नाही. पण बँकेचा बोजा म्हणजे छळ नव्हे.

एजंट काय सांगत नाही, ते ऐका. दावा घेतला की मुलाचा पासपोर्ट अधिकारी ठेवून घेतात. त्याच वेळी देश सोडण्याचा एक सशर्त आदेश निघतो. दावा शेवटपर्यंत फेटाळला गेला की तो आदेश जिवंत होतो. मग ३० दिवसांत रीतसर निघाला नाही तर तो कायमच्या हद्दपारीत बदलतो, आणि पुन्हा कॅनडात यायचं तर खास परवानगी लागते. दावा आयुष्यात एकदाच करता येतो. फेटाळल्यावर माणुसकीच्या आधारावर पी.आर. मागायचं म्हटलं, तरी बहुतेकांना बारा महिने थांबावं लागतं. शिवाय जून २०२५ मध्ये सरकारने संसदेत मांडलेल्या विधेयकात आणखी एक गोष्ट होती : २४ जून २०२० नंतर जे पहिल्यांदा कॅनडात आले, त्यांनी वर्ष उलटल्यावर केलेला दावा बोर्डापुढे, म्हणजे हे दावे ऐकून निकाल देणाऱ्या मंडळापुढे, जायचाच नाही. तुमचा मुलगा चार वर्षांपूर्वी आलाय. एजंटने त्याला ही तारीख विचारली का?

आणि 'गोष्ट मी लिहून देतो' हा तर गुन्हाच आहे. खोटी माहिती देणाऱ्याला आणि द्यायला लावणाऱ्याला, दोघांनाही पाच वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख डॉलरपर्यंत दंड होऊ शकतो.

माझ्याकडे एक पोरगा असाच लिहून घेतलेला फॉर्म घेऊन आला होता. पुढाऱ्याच्या माणसांनी त्याला 'कालव्याच्या पुलावर' अडवून मारलं, असं त्यात होतं. मी विचारलं, कालवा कुठला? तो गप्प बसला. त्याच्या गावात कालवाच नव्हता. तोच पूल, त्याच काठ्या, तीच संध्याकाळची वेळ मी आधी दुसऱ्या एका फॉर्मवर वाचली होती. बोर्डाचे सदस्यही वाचतात, आणि मीच वाचलं तर त्यांना तो पूल कितीदा भेटला असेल. मग ज्याला खरंच एखाद्या पुलावर गाठून मारलं, त्याच्याकडेही ते संशयाने बघू लागतात. मला या धंद्याचा राग येतो तो यासाठी.

परमिट संपण्याआधी मुदत वाढवायचा किंवा दुसरं परमिट घ्यायचा रस्ता आहे का, हे परवानाधारक वकिलाला दाखवू दे. तिथे राहण्याचा कायदेशीर दर्जा सुटलाच तर तो परत मिळवायला ९० दिवस असतात. एजंट सल्लागार असल्याचं सांगत असेल, तर त्याचं नाव इमिग्रेशन सल्लागारांच्या कॉलेजच्या (त्यांना परवाना देणाऱ्या संस्थेच्या) यादीत आहे का ते मुलाने आज रात्री ऑनलाइन बघावं. आणि तुम्ही स्वतः त्याला फोन करा. "बाग गेली तरी चालेल, तू ये" हे वाक्य आईच्या तोंडून ऐकायची वाट बघत बसलेली मुलं मी पाहिली आहेत.

प्रश्न : माझ्या मैत्रिणीने गेल्या वर्षी जातीबाहेर लग्न केलं. ती सातारा जिल्ह्यातल्या डोंगरी भागातली. घरच्यांनी नवऱ्याला मारलं, 'दोघांनाही बघून घेऊ' म्हणाले. पोलिसांनी दोनदा फिर्याद घेतली नाही. तिचे काका खात्यातच आहेत. पहिले चार दिवस ती दोघं माझ्याकडे पुण्यात होती. आता व्हिजिटर व्हिसावर मिसिसॉगात आहेत, अजून चार महिनेही झाले नाहीत. हातात ना एफ.आय.आर., ना दवाखान्याचा कागद. त्यांच्यावर कोण विश्वास ठेवणार? (वाचक, पुणे)

उत्तर : तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. सुरुवात विश्वासापासूनच करते. कॅनडाच्या फेडरल अपील कोर्टाने माल्डोनाडो खटल्यात सांगितलं की दावेदार शपथेवर जे सांगतो ते खरं मानून चालायचं, त्यावर शंका घ्यायला कारण असेल तरच घ्यायची. १९८९ मध्ये अद्जेई खटल्यात ठरलं की छळ होण्याची शक्यता निम्म्याहून जास्त असल्याचं सिद्ध करावं लागत नाही, गंभीर शक्यता असली तरी पुरते. म्हणजे एफ.आय.आर. नाही म्हणून दार बंद होत नाही. पण ती का नाही, हे सांगावं लागतं, आणि मिळू शकणारा पुरावा आणला नाही तर तो का आणला नाही, हेही विचारतात.

तो पुरावा तुमच्याकडे आहे. ती दोघं कुठल्या रात्री, किती वाजता तुमच्या दारात आली, त्याच्या अंगावर कुठे वळ होते, तुम्ही काय लावलं, कुणाचे फोन येत होते, हे सगळं मराठीत, तुमच्या शब्दांत प्रतिज्ञापत्रावर लिहा. नोटरी करा, ओळखपत्राची प्रत जोडा. इंग्रजी भाषांतर आणि भाषांतरकाराचं निवेदन वकील बघतील. हे सगळं सुनावणीच्या किमान दहा दिवस आधी बोर्डाकडे पोचायला हवं. पोलिसांनी तक्रार घेतली नाही तेव्हा अधीक्षकांना रजिस्टर पोस्टाने अर्ज पाठवला होता का? असेल तर त्याची पावती शोधा. ती एवढीशी चिठ्ठी एफ.आय.आर.च्या जागी उभी राहू शकते.

आता दाव्याचा फॉर्म. कहाणी त्यातच लिहायची असते, आणि सुनावणीत प्रत्येक वाक्य तिच्याशी ताडून बघतात. फॉर्ममध्ये नसलेली मोठी गोष्ट तोंडी सांगितली की पहिला प्रश्न येतो : लिहिलं का नाही? आपली माणसं इथे भाषेतच अडकतात. मैत्रिणीने 'भावाने मारलं' लिहिलं आणि सुनावणीत तो चुलतभाऊ निघाला, तर आपल्याला त्यात काहीच वावगं वाटत नाही, पण नोंदीत ती विसंगती होते. 'परवा' म्हणजे झालेला की येणारा? 'बघून घेऊ' ही धमकी आहे. एका सुनावणीत दुभाष्याने तिचं भाषांतर 'आपण नंतर पाहू' अशा अर्थाचं केलं. मी तिथेच थांबवलं नसतं तर जिवे मारायची धमकी कागदावर पुढची भेट ठरवल्यासारखी उतरली असती. दुभाषी बोर्ड फुकट देतं. मराठी हवा असेल तर मराठीच मागा, हिंदीवर भागवू नका. तारखा आठवत नसतील तर सणावरून सांगा. माझ्या कपाटात मागच्या कितीतरी वर्षांची कालनिर्णयं आहेत. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी म्हटलं की मी पान उलटून तारीख काढते.

सुनावणी बंद दाराआड होते, हल्ली बहुतेकदा पडद्यावर, साधारण अर्धा दिवस. आधी बोर्डाचे सदस्य विचारतात, मग आपला वकील. तोंडी बाजू मांडता येते याचं श्रेय आपल्याकडच्याच काही माणसांना जातं. हरभजन सिंग आणि त्यांच्यासोबतच्या दावेदारांचे अर्ज त्यांचं तोंडी म्हणणं न ऐकता नुसत्या कागदांवरून फेटाळले होते. ४ एप्रिल १९८५ ला कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने ती पद्धत मोडून काढली. न्यायमूर्ती बर्था विल्सन यांनी लिहिलं की कॅनडाच्या हक्कांच्या सनदेतल्या 'प्रत्येकाला' या शब्दात कॅनडाच्या भूमीवर उभा असलेला प्रत्येक माणूस येतो. सुनावणीच्या आदल्या दिवशी मी हे प्रत्येक अशिलाला सांगते. त्याने त्यांचे खांदे जरा सैल होतात.

आणि मग तो प्रश्न येतोच : मुंबईत जाऊन का राहिला नाहीत?

भारतातल्या दाव्यांत हा प्रश्न सर्रास येतो. पंजाबातल्या शेतकऱ्यालाही मुंबईच सुचवतात, दिल्ली, कोलकाताही सुचवतात. देशातच दुसरीकडे सुरक्षित राहता येत असेल तर कॅनडाचं संरक्षण मिळत नाही. १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला श्रीलंकेच्या तमिळांच्या खटल्यांत याच्या दोन कसोट्या ठरल्या : त्या शहरात छळाची गंभीर शक्यता नसावी, आणि त्या माणसाच्या परिस्थितीत तिथे जाऊन राहणं अवाजवी नसावं. डोंगरातल्या गुहेत लपून राहा असं सांगता येत नाही, हेही तिथेच म्हटलंय. शहराचं नाव बोर्डाने घ्यायचं, आणि ते का चालणार नाही हे दावेदाराने दाखवायचं.

सदस्यांना मुंबई दोन कोटींची दिसते, कुणीही हरवून जाईल अशी. सातारकराची मुंबई तेवढी मोठी नाही हे त्यांना कळायला मार्ग नसतो. तो आपण द्यायचा. मैत्रिणीच्या गावचे किती लोक माथाडीत आहेत? घणसोली, कोपरखैरण्यात गावच्या मंडळाची खोली आहे का? भावकीतलं कोण कुठे राहतं? भाड्याने घर घेतलं की भाडेकरूची माहिती पोलीस ठाण्यात जाते, आणि काका खात्यात आहेत. त्यांनी आधी कधी शोध घेतला का, पुण्यात तुमच्यापर्यंत फोन कसे पोचले? घरच्यांची शोधण्याची ताकद आणि शोधायची इच्छा, दोन्ही दाखवावी लागतात. ताकद दाखवली आणि इच्छा दाखवायची राहिली, अशा केसेस हरतात. लग्नाला वर्ष झाल्यावरही धमक्या चालू आहेत का? शेवटचा मेसेज कधीचा? तो पुसू देऊ नका. बंगळुरूचंही उत्तर तयार ठेवा.

पोलिसांबद्दलही विचारतील. राज्य आपल्या नागरिकाचं रक्षण करू शकतं असं गृहीत धरलं जातं, आणि ते खोडायला स्पष्ट, पटणारा पुरावा लागतो. वॉर्ड खटल्यात १९९३ मध्ये ते ठरलं. भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने शक्ती वाहिनी खटल्यात २०१८ ला अशा जोडप्यांसाठी जिल्ह्याजिल्ह्यात विशेष कक्ष आणि सुरक्षित निवारे करायला सांगितलं, हे सदस्यांच्या समोरच्या कागदात असू शकतं. तो कक्ष तिच्या तालुक्यातून गाठता येत होता का, तिथे गेल्यावर काय झालं, हे तिने सांगायचं.

व्हिसाची मुदत आहे तोवर वकील गाठा. वर्षाची ती वरची अट सोडली तर उशीर झाला म्हणून दावा आपोआप पडत नाही, पण भीती होती तर थांबलात का, असं विचारतात. पैसे नसतील तर ऑन्टारिओत लीगल एड मिळते. आणि मैत्रिणीला सांगा, सुनावणीत रडू आलं तर थांबायला सांगायचं. पाणी पिऊन पुन्हा सुरू करता येतं.

प्रश्न : आजोबा कराचीहून आले. आम्हाला सगळे 'निर्वासित' म्हणत. आजच्या या कायद्याने ते शरणार्थी ठरले असते का? (वाचक, उल्हासनगर)

उत्तर : भीती तीच होती, आणि कारण पाचांपैकीच एक, धर्म. पण कायद्याने नाही. ज्या करारावर हे सगळं उभं आहे तो जिनिव्हात १९५१ साली झाला, आणि भारताने त्यावर सही केली नाही, १९६७ च्या पूरक करारावरही नाही. मुख्य म्हणजे आजोबांना संरक्षण मागावं लागलं नाही. आपल्या राज्यघटनेच्या सहाव्या अनुच्छेदाने त्यांना नागरिक मानलं. १९ जुलै १९४८ च्या आधी आले असतील तर आपसूक, त्यानंतर आले असतील तर नोंदणी करून. ते नेमके कधी आले, हे घरात कुणाला माहीत आहे का? नंतर आले असतील तर नोंदणीचा दाखला निघालेला असणार. जुन्या ट्रंकेत बघा, सापडला तर प्लास्टिकच्या पाकिटात ठेवा, लॅमिनेट करू नका.