स्वल्पविराम ‘की’च्या अलीकडे की पलीकडे?

प्रश्न : ‘तो म्हणाला की, मी येणार नाही’ बरोबर की ‘तो म्हणाला, की मी येणार नाही’? आमच्या कार्यालयात दोन तट पडलेत.

उत्तर : मी दुसऱ्या तटात. ‘की’ पुढच्या वाक्याचा सोबती, म्हणून चिन्ह त्याच्या अलीकडे. बोलताना आपण ‘की’ म्हणून क्षणभर थांबतो, त्यामुळे लिहितानाही हात पलीकडे जातो. वर्तमानपत्रांत तर हे सर्रास दिसतं. पण श्वास जिथे थांबतो तिथेच वाक्य दुभंगतं असं नाही. वाक्य इतकं लहान असेल तर मी चिन्हच गाळतो. बोलणाऱ्याचे शब्द जसेच्या तसे द्यायचे असतील तर मात्र ‘की’ला रजा : तो म्हणाला, “मी येणार नाही.” ‘की’ही आणि अवतरणचिन्हंही, ही जोडगोळी मुद्रितशोधन करताना मी किती वेळा खोडली असेल!

प्रश्न : ‘तो कधी येणार ते कुणालाच ठाऊक नाही’ इथे प्रश्नचिन्ह?

उत्तर : नाही. ‘कधी’ दिसलं तरी वाक्य विधानच आहे.

प्रश्न : ‘साहित्य’पुढे अपूर्णविराम (:) दिला की विसर्ग वाटतो. काय करावं?

उत्तर : शब्द आणि चिन्ह यांत किंचित जागा सोडा, मी या सदरात सोडतो तशी. उलटा घोटाळा अधिक त्रासाचा. ‘दुःख’ टंकताना अनेक जण विसर्गाऐवजी अपूर्णविराम टाकतात. डोळ्यांना दोन्ही जुळे, पण संगणकाच्या लेखी ती वेगळी चिन्हं. दोनशे पानांत ‘दुःख’ शोधायला जावं, तर अशी दुःखं सापडतच नाहीत.

प्रश्न : अर्धविराम आता कुणी वापरतं का?

उत्तर : वापरावा. ‘पुण्याहून आजी, मामा; नाशिकहून आत्या, तिची दोन मुलं; सावंतवाडीहून मात्र कुणीच नाही.’ इथे सगळीकडे स्वल्पविराम घाला आणि कोण कुठून आलं ते सांगा पाहू.

प्रश्न : पणजोबांच्या मोडी पत्रांत एकही विरामचिन्ह नाही. शिक्षण कमी होतं म्हणून?

उत्तर : छे! मोडीत शब्दसुद्धा सुटे लिहीत नसत. आजची चिन्हं इंग्रजीच्या वळणाने एकोणिसाव्या शतकात आली. ती रुळवण्याचं श्रेय मेजर थॉमस कँडी यांना दिलं जातं. त्याआधीचा वाचक ‘तरी’, ‘सबब’, ‘ऐसियास’ अशा शब्दांवर वाक्य तोडत जाई, आणि ‘बहुत काय लिहिणे’ आलं की पत्र संपलं हे त्याला कळे.