तो ‘च’ कोणी लावला?

प्रश्न : वय ४७. पतसंस्थेत नोकरी करते. दीड वर्षापूर्वी सासूबाईंना पक्षाघात झाला, तेव्हापासून त्या अंथरुणावर आहेत. मुलगा बारावीला. मिस्टर पुण्याला, शनिवारी येतात. रात्री तीनला जाग आली की पुन्हा डोळा लागत नाही. परवा दुसऱ्यांदा हिशेबात चूक झाली आणि साहेब सगळ्यांसमोर बोलले. मैत्रिणीच्या आग्रहाने दोनदा समुपदेशक बाईंकडे गेले. त्या विचारतात, लिहून घेतात. प्रत्येक वेळी सहाशे रुपये देऊन रडून परत. बोलून सासूबाई उठून बसणार आहेत का?
– एक वाचक, जि. सांगली

उत्तर : नाही, बसणार नाहीत. तसं कुणी सांगितलं, तर तिथं पुन्हा जाऊ नका.

पण पहिल्या दोन भेटी बहुतेक माहिती घेण्यातच जातात. मी स्वतः वडिलांच्या आजारपणात एका सहकाऱ्यासमोर बसले होते, तेव्हा पहिली वीस मिनिटं पार्किंगबद्दल बोलले. समुपदेशक असूनही! खरं काम त्यानंतर सुरू झालं.

ते काम कसं असतं, तुमच्याच पत्रावरून सांगते. जागेअभावी वर छापलेलं नाही, पण तुम्ही तीन वाक्यं लिहिलीत : ‘सगळं मलाच बघावं लागतं’, ‘चूक होताच कामा नये’, ‘नणंदेला कळलंच पाहिजे’. तिन्हीत ‘च’ आहे. अमेरिकेत मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी १९५५च्या सुमाराला जी उपचारपद्धती मांडली आणि आपल्याकडे कि. मो. फडके यांनी जी मराठीत रुजवली, तिचं लक्ष नेमकं या ‘च’वर असतं. नणंदेनं यावं ही इच्छा झाली. ती आलीच पाहिजे हा हट्ट झाला. ती आली नाही की इच्छेचं वाईट वाटतं. हट्टाचा मात्र संताप होतो, आणि रात्री तीनला जागा असतो तो संतापच. बाई लिहून घेतात ती बहुधा अशी वाक्यं.

‘चूक होताच कामा नये’ हे वाक्य मात्र मी इतक्यात हलवणार नाही. झोप नसेल तर चूक होणारच. आधी थायरॉइड आणि हिमोग्लोबिन तपासून घ्या. पाळी जाण्याच्या वयात झोप तशीही बिघडते, आणि ते नुसतं बोलून सुटेलच असं नाही. गरज वाटली तर मानसोपचारतज्ज्ञ गोळी देतील. समुपदेशक ती देत नाहीत.

पैशांचं म्हणाल तर जिल्हा रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात चौकशी करा. ‘टेली मानस’ या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे, चोवीस तास, मराठीत बोलता येतं. ‘कुठंतरी निघून जावंसं वाटतं’ असंही तुम्ही लिहिलंय. त्याचा अर्थ जीव नकोसा होणं असेल, तर पुढच्या भेटीची वाट बघू नका. आजच तो क्रमांक लावा, आणि मिस्टरांना शनिवारपर्यंत थांबवू नका.

तसं नसेल तर तिसऱ्या भेटीला जा आणि मला लिहिलंत तेच बाईंना तोंडावर सांगा : ‘मला उपयोग वाटत नाही.’ चांगल्या समुपदेशकाला याचा राग येत नाही. किती भेटी लागतील, कशावर काम करायचं, हेही विचारा. उत्तर गोलमोल आलं तर दुसरीकडे जा, अपराधी न वाटून घेता.

आणि नणंदेला तुम्ही ‘ये’ असं शब्दांत कधी म्हटलंत का? पत्रात ते कुठं दिसलं नाही. महिन्यातले दोन रविवार, सकाळी नऊ ते संध्याकाळी पाच, एवढं स्पष्ट. बाईंसमोर ते वाक्य दोनदा म्हणून बघा, मग फोन करा.