टपालाने पोटाचं औषध

प्रश्न : डॉक्टर, नमस्कार. मी नेरुळला राहते, आईबाबा ठाण्यात नौपाड्याला. बाबा ७२ वर्षांचे. गेले तीन महिने जेवण झालं की त्यांच्या पोटात गुबारा धरतो, आंबट ढेकर येतात, आधी कधी असा त्रास नव्हता. मला सारखं ठाण्याला जाणं जमत नाही म्हणून व्हिडिओ कॉलवर एका डॉक्टरांशी बोलणं करून दिलं, त्यांनी गोळ्या लिहून दिल्या, पण बाबा घ्यायलाच तयार नाहीत. पोट न दाबता दिलेलं औषध मी घेणार नाही, असलं आजवर कधी नव्हतं, म्हणतात. माझा मुलगा म्हणतो अडीचशे वर्षांपूर्वी युरोपात डॉक्टर चक्क पत्रातून पोटाचे आजार बघायचे. खरंय का हे? आणि बाबांना काय सांगू?
– एक वाचक, नेरुळ

उत्तर : ताई, आधी बाबांचं बोलू, इतिहास मागाहून. साठीनंतर पहिल्यांदाच अपचन सुरू झालं आणि तीन महिने हटत नाहीये, तर नुसत्या कॉलवर थांबायचं नाही. समोर जाऊन तपासून घ्यायचं आणि बहुतेक एंडोस्कोपीही (तोंडातून बारीक नळी घालून जठर आतून बघणं) करावी लागेल, घाबरू नका, साधी तपासणी आहे. वजन उतरत असेल, घास अडकत असेल, शौचाला डांबरासारखं काळं होत असेल किंवा उलटीत रक्त दिसलं तर आजच्या आज न्या. मार्च २०२० मध्ये आपल्याकडे टेलिमेडिसिनचे नियम आले त्यातही हेच आहे, लांबून भागतंय की पेशंटला समोर बोलवायचं हे डॉक्टरने प्रत्येक वेळी ठरवायचं. म्हणजे बाबांचा हट्ट या वेळी बरोबर आहे, तसं त्यांना सांगा, बरं वाटेल त्यांना.

पण "असलं कधी नव्हतं" हे मात्र बरोबर नाही, तिथे नातू जिंकला. आणि हा माझा फार जिव्हाळ्याचा विषय आहे म्हणून जरा सविस्तर लिहिते.

स्कॉटलंडमध्ये एडिनबरा शहरात विल्यम कलन नावाचा प्राध्यापक होता (१७१० ते १७९०). इकडे १७७४ मध्ये इंग्रजांनी आपला ठाण्याचा किल्ला घेतला त्या सुमाराला तिकडे कलनच्या टेबलावर लांबलांबच्या पेशंटांच्या पत्रांचा ढीग असायचा. कोणी स्वतः लिहायचं, कोणाचा नवरा, कोणाचा भाऊ, आणि पुष्कळदा गावातला सर्जन किंवा औषधवाला सगळी हकिगत लिहून पाठवायचा. यातल्या कित्येकांना कलनने जन्मात कधी पाहिलं नाही. त्याचा असा पाच हजारांहून जास्त पत्रांचा साठा आजही एडिनबराच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्समध्ये आहे आणि ग्लासगो विद्यापीठाने तो ऑनलाइन फुकट वाचायला ठेवलाय. एवढा टिकला कारण कलन आपल्या प्रत्येक उत्तराची नक्कल ठेवायचा. आधी कारकून हाताने उतरवायचा, नंतर जेम्स वॉटने (तोच, वाफेच्या इंजिनवाला) १७८० मध्ये कॉपी करायच्या यंत्राचं पेटंट घेतलं आणि कलनने लगेच ते वापरायला घेतलं. खास शाईत लिहिलेल्या पत्रावर ओलसर पातळ कागद दाबायचा, शाई त्यावर उमटते, मग मागच्या बाजूने वाचायचं. त्यामुळे एखाद्या बाईने वर्षभराने परत लिहिलं तरी मागच्या वेळी काय दिलं होतं ते याच्याकडे तयार.

आता बाबांचा मुद्दा, न दाबता कसं कळणार? तर ताई, त्या काळी पेशंट समोर बसला तरी पोट दाबून बघायची आजच्यासारखी रीत नव्हतीच. नाडी, जीभ, लघवी-शौच बघायचं आणि बाकी सगळं पेशंटच्या तोंडून ऐकायचं. स्टेथोस्कोपसुद्धा १८१६ चा. त्यामुळे पत्रात फारसं काही हुकत नव्हतं, नाडी गावातला सर्जन मोजून कळवायचा, जी मुख्य गोष्ट म्हणजे हकिगत, ती तर पत्रात उलट जास्त नीट यायची कारण माणूस निवांत बसून लिहायचा.

आणि हकिगत कशी लिहायची तेही शिकवलं जायचं. स्वित्झर्लंडमध्ये लोझानला तिसो नावाचा डॉक्टर होता, त्यालाही पत्रांनीच विचारणारे असंख्य. त्याने १७६१ मध्ये सामान्य लोकांसाठी पुस्तक काढलं आणि डॉक्टरला विचारताना काय काय सांगायचं याची प्रश्नांची यादीच दिली, वय काय, पूर्वी तब्येत कशी होती, दिनक्रम कसा, आजार कधी आणि कसा सुरू झाला, झोप येते का, अन्न पचतं का, शौचाला कशी होते, लहान मूल असेल तर दात किती आलेत आणि जंत दिसले का. आजही ओपीडीत आम्ही हेच विचारतो, फक्त एका पेशंटला पाच मिनिटं मिळतात. याच तिसोने १७६८ मध्ये वाचन-लेखन करणाऱ्यांच्या तब्येतीवर लिहिलं, दिवसभर बसून डोकं चालवणाऱ्याचं पोट आधी बिघडतं म्हणून, ऐरोली-महापेच्या आयटीवाल्या पोरांना मी हे नेहमी सांगते.

कलनच्या मते अपचन म्हणजे जठराचा जोम ढिला पडणं, आणि त्याने ते चक्क मज्जातंतूंच्या आजारांत घातलं होतं. तेव्हा थिअरी कच्ची होती पण पोट आणि मेंदू जोडलेले आहेत हे आज आम्हीही मानतो, एंडोस्कोपी नॉर्मल येऊनही पोट छळतं ते दुखणं आता आतडं-मेंदू यांच्या बिघाडातच मोजतात. औषधं म्हणाल तर कोठा साफ करायला रेवाचिनी, कडू काढे, सिंकोनाची साल (जिच्यातून क्विनाइन निघतं ती), आंबटपणावर मॅग्नेशिया. या मॅग्नेशियावर कलनचाच विद्यार्थी जोसेफ ब्लॅक याने प्रयोग केले आणि त्यातूनच पुढे कार्बन डायऑक्साइड हाती लागला! पण पत्रात औषधापेक्षा पथ्यपाणी जास्त असायचं, काय खायचं, काय टाळायचं, अंगात उबदार फ्लॅनेल घाला, घोड्यावर रोज रपेट करा. त्याआधी इंग्लंडमधल्या बाथ गावचा जॉर्ज चेन हा डॉक्टर कादंबरीकार रिचर्डसनला अशीच पत्रं लिहायचा, दूध आणि भाजीपाल्यावर राहा म्हणायचा, आणि घोडा जमत नसेल तर स्प्रिंगच्या खुर्चीवर बसून वरखाली उसळ्या घ्या असंही.

याची दुसरी बाजूही सांगायला हवी. उलटीची औषधं, पाऱ्याची औषधं, रक्त काढणं हेही सर्रास चालायचं आणि त्याने माणसं खंगायची. पत्र जाऊन उत्तर येईपर्यंत दुखणं कुठल्या कुठे गेलेलं असायचं. अल्सर की कॅन्सर हे कळायला मार्गच नव्हता, अल्सरमागचा जंतू तर १९८२ मध्ये सापडला. म्हणून बाबांना तपासायला न्याच.

पण त्या पत्रांतलं एक मी माझ्या दवाखान्यात उचललंय. घणसोलीची एक बाई, वर्षभर पोटात जळजळ, तीन ठिकाणी दाखवून झालेलं, पित्ताच्या गोळ्या चालू. मी म्हटलं आठवडाभर सगळं वहीत लिहून आणा, अगदी सगळं. वहीत निघालं की रोज सकाळी लोकलमध्ये रिकाम्या पोटी डोकेदुखीची गोळी. अशा पेनकिलरने जठराच्या आतलं अस्तर सोलवटतं, पण "औषध काय घेता" विचारलं की ती ही गोळी सांगायचीच नाही, कारण तिच्या लेखी ते औषध नव्हतंच. गोळी थांबवली, महिन्याभरात फरक.

तर बाबांना पत्र लिहायला बसवा. त्यांच्या हाताने, त्यांच्या शब्दांत, त्रास कधी सुरू झाला, कशाने वाढतो, रात्री उठवतो का, गुडघ्यासाठी, बीपीसाठी, शेजाऱ्याने दिलेलं चूर्ण, जे काय घेतात ते सगळं. तो कागद घेऊन तपासायला जा आणि डॉक्टरांच्या हातात द्या.

प्रश्न : इंग्रज डॉक्टर पोटासाठी हिंग द्यायचे असं ऐकलं. खरं वाटत नाही!
– एक आजी, ठाणे

उत्तर : खरं आहे आजी. इराण-अफगाणिस्तानकडचा हिंग युरोपातल्या औषधांच्या दुकानांत असायचा, पोटातल्या वाऱ्यावर आणि बायकांच्या "हिस्टेरिया"वर गोळी किंवा अर्क करून द्यायचे, वासामुळे लोक नाकं मुरडायचे तरी घ्यायचे. तुम्ही आमटीच्या फोडणीत घालताय तो चालू द्या. नातवंडाचं पोट फुगलं तर पाण्यात कालवून बेंबीभोवती लावा, पण तान्ह्या बाळाला पोटात मात्र अजिबात देऊ नका.