ताफा नव्हे, पागा!

पंधरा ऑगस्टला आमच्या ग्रामपंचायतीपुढे एका निवृत्त वायुसैनिक काकांचा सत्कार झाला. माइकवरून घोषणा झाली, ‘काकांनी एकाहत्तरच्या लढाईत बॉम्बर विमानांच्या ताफ्यात नोकरी केली!’ माझा पेढा घशातच अडकला. कार्यक्रम उरकल्यावर सूत्रसंचालन करणारे मास्तर स्वतःच जवळ आले. ‘सर, तुमचं तोंड पाहिलं. स्क्वाड्रनला, म्हणजे वायुदलाच्या तुकडीला, ताफा म्हटलं तर काय चुकलं?’

सगळंच चुकलं, मास्तर. पेपरवाले रोज चुकतात, तुम्हीही चुकलात. ताफा म्हणजे समूह, हे शेंबडं पोरही सांगेल, ते सोडा. शब्द आला अरबी ‘ताइफा’वरून. त्याचं अनेकवचन ‘तवाइफ’, आणि आपली तवायफ तिथलीच. मराठीतही ताफा म्हणजे आधी कलावंतिणी आणि त्यांचे साजिंदे. बिदागी घेतली, नाचले, पुढच्या गावाला गेले. मंत्र्यांच्या गाड्यांना ताफा म्हणतात, त्याला माझी अजिबात हरकत नाही.

स्क्वाड्रन अशी पांगत नाही. आभाळात एकत्र दिसतात ती विमानं म्हणजे स्क्वाड्रन, असा तुमचा समज आहे. आभाळ रिकामं असतानाही स्क्वाड्रन असते. तिला नंबर असतो, हजेरीपट असतो, रात्रभर इंजिनाखाली कंदील धरून बसणारे फिटर असतात. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिशांच्या लँकेस्टर बॉम्बर विमानात सात जण बसत. ३० मोहिमा पुऱ्या झाल्या की सुटका, पण तिथवर पोचणारे थोडे. त्यांच्या बॉम्बर कमांडच्या सव्वा लाख उडणाऱ्यांपैकी ५५,५७३ मेले. आज रात्री एक विमान परत आलं नाही, तर उद्या त्या खाटांवर नवे सात जण येत. नंबर तोच. आपल्या ५ नंबरच्या स्क्वाड्रनची सुरुवात तर भंगारातून झाली. महायुद्धानंतर कानपूरला मोडीत टाकलेली लिबरेटर विमानं बंगळुरात दुरुस्त केली आणि १९४८ साली त्यांच्यावर ही बॉम्बर स्क्वाड्रन उभी राहिली.

मग मराठी शब्द कोणता? माझे एक प्राध्यापक मित्र ठासून ‘पथक’ सांगतात. दहावीच्या परीक्षेला कॉपी पकडायला येतं ते भरारी पथक. आता बॉम्ब टाकणाऱ्यांना काय म्हणायचं, बॉम्बर भरारी पथक? प्राध्यापकांचा अभ्यास मोठा आहे, पण कान नाही.

शब्द आहे ‘पागा’, म्हणजे सरकारी घोड्यांचं दळ. हसू नका. इंग्रजांचा स्क्वाड्रनही घोडदळातूनच विमानाकडे गेला. (मूळ इटालियन, चौकोनाचा, म्हणजे आपल्या चौकाचा दूरचा भाऊ. ते असो.) शिवकाळात पागेतला घोडा सरकारचा, वर बसणारा बारगीर. स्वतःचा घोडा आणणारा तो शिलेदार. विमान घरून कोणी आणत नाही, म्हणजे पायलट हा बारगीरच झाला की नाही? आणि पंचवीस बारगिरांमागे एक पखालजी, एक नालबंद. लढणाऱ्यामागे पाणी भरणारा आणि नाल ठोकणारा मोजून दिलेला होता. ताफ्यात कुठं आहे नालबंद?

आता खरी मजा. पागा आली फारसी ‘पायगाह’वरून. पाय म्हणजे पायच, गाह म्हणजे जागा. निजामाचे पायगा सरदार याच शब्दाचे. आणि आजच्या इराणात ‘पायगाह-ए-हवाई’ म्हणजे काय, सांगा पाहू? हवाई तळ! त्यांनी घोडे बाहेर काढून विमानं आत बांधली, शब्द तोच ठेवला. आपण मात्र त्याला इतिहासाच्या पुस्तकात कोंडून ठेवलं. हे मी प्राध्यापकांना सांगितलं तेव्हा ते ‘रोचक आहे’ म्हणाले. त्यांना पटलेलं नाही, हे मला कळतं.

हे सगळं घेऊन मी काकांच्या घरी गेलो. काका कॅनबेरा बॉम्बर विमानांवर आर्मरर, म्हणजे बॉम्ब चढवणारे, होते; म्हणजे माझ्या हिशेबानं पागेतले नालबंदच. ते अंगणात तुरीच्या शेंगा सोलत बसले होते. सोलता सोलता म्हणाले, ‘बॉम्बाले सेफ्टी पिन राहे, तिले लाल फीत. जहाज निंघाच्या आधी पिना काढाच्या, पायलटले मोजून दाखवाच्या. मंग त्या माह्या खिशात. जहाज परत येयेपर्यंत खिशातला हात काही बाहेर निंघे नाही.’ विमानाला ते अजून जहाजच म्हणतात. बोलताना उजवा हात आपोआप बंडीच्या खिशात गेला होता, शेंगा तशाच मांडीवर.

मी म्हटलं, ‘काका, म्हणजे तुम्ही पागेतच होता.’

‘पागा?’ काका म्हणाले. ‘घोडे कुठं होते गा तिथं?’

मास्तर, सव्वीस जानेवारीला स्क्वाड्रनच म्हणा.