घरच्या यंत्रात अन्न सुकवताना : वाचकांचे प्रश्न

फळे, भाज्या आणि मांस घरच्या ओट्यावरील छोट्या विद्युत यंत्रात, म्हणजे डिहायड्रेटरमध्ये, सुकवण्याविषयी आलेल्या पत्रांपैकी निवडक पत्रांना या वेळी उत्तरे दिली आहेत. बहुतेक अडचणींचे मूळ एकच दिसते. यंत्रावर लावलेली वेळ संपली म्हणजे अन्न सुकले, असे अनेकांनी गृहीत धरले आहे, आणि पहिल्या उत्तरात त्याचाच सविस्तर विचार केला आहे.

प्रश्न : सफरचंदाच्या चकत्या लवकर सुकाव्यात म्हणून मी डिहायड्रेटर ७० अंशांवर लावला. माहितीपुस्तिकेत दिलेली वेळ पूर्ण झाली तेव्हा चकत्या वरून चांगल्या कडक लागत होत्या, म्हणून त्या काढून लगेच काचेच्या बरणीत भरल्या. दोन आठवड्यांच्या आत बरणीत बुरशी दिसू लागली. बुरशी आलेल्या चकत्या काढून बाकीच्या वापरता येतील का? आणि हे टाळण्यासाठी काय करावे?

उत्तर : पहिल्या प्रश्नाचे उत्तर स्पष्ट आहे : संपूर्ण बरणी टाकून द्यावी. बुरशीचे तंतू डोळ्यांना दिसतात त्याच्या बरेच पलीकडे पसरलेले असू शकतात, आणि काही बुरशी जी विषारी द्रव्ये निर्माण करतात ती धुतल्याने किंवा पुन्हा तापवल्याने नाहीशी होतील याचा भरवसा नसतो.

आता कारण पाहू. चकती सुकत असताना दोन क्रिया एकाच वेळी चालू असतात : पृष्ठभागावरचे पाणी वाफेच्या रूपाने हवेत जाते आणि आतले पाणी हळूहळू पृष्ठभागाकडे सरकते. दुसरी क्रिया मुळातच संथ आहे. हवा फार गरम असली की पृष्ठभाग आतल्या पाण्याची वाट न पाहता सुकतो, आक्रसतो आणि त्याचे कडक कवच तयार होते. मग आतले पाणी बाहेर पडण्याची वाटच बंद होते. अशी चकती हाताला कोरडी लागते, पण बंद बरणीत तेच अडकलेले पाणी सावकाश बाहेर येते आणि बुरशीला पुरेसा ओलावा मिळतो. म्हणून फळांसाठी ५५ ते ६० अंश सेल्सिअस हे तापमान योग्य मानले जाते. घाई करायचीच असेल तर ती तापमान वाढवून न करता चकत्या पातळ कापून करावी. ३ ते ६ मिलिमीटर ही जाडी सोयीची आहे, मात्र एका खेपेतील सर्व चकत्या सारख्या जाडीच्या असाव्यात, नाहीतर पातळ चकत्या करपू लागतात तेव्हा जाड चकत्या अजून ओल्याच असतात.

पुस्तिकेत दिलेली वेळ हा केवळ अंदाज असतो. सफरचंदाच्या चकत्यांना साधारण ६ ते १२ तास लागतात, म्हणजे कमाल वेळ किमान वेळेच्या दुप्पट आहे. फळाचा पिकलेपणा, चकत्यांची जाडी, जाळ्यांवरील दाटी आणि खोलीतील हवेचा दमटपणा यांवर ती अवलंबून असते आणि यांपैकी एकही गोष्ट यंत्राला कळत नाही. स्वयंपाकघरातला साधा वजनकाटा मात्र बरेच काही सांगतो. ताज्या सफरचंदात सुमारे ८५ टक्के पाणी असते, म्हणजे साल आणि बिया काढून कापलेल्या १ किलो फोडींत घन पदार्थ सुमारे १५० ग्रॅम. सुकवलेल्या फळात साधारण २० टक्के ओलावा राहिला तरी ते टिकते, म्हणून हे १५० ग्रॅम शेवटच्या वजनाच्या ८० टक्के असायला हवेत. १५० ला ०.८ ने भागले की सुमारे १९० ग्रॅम हे उत्तर येते. चकत्यांचे वजन अजून २५० ग्रॅम भरत असेल, तर त्या वरून कितीही कडक लागोत, त्यांतून आणखी ६० ग्रॅम पाणी जायचे आहे. गाजरासारख्या भाजीत पाणी सुमारे ८८ टक्के असते आणि भाजी १० टक्के ओलाव्यापर्यंत सुकवावी लागते. त्यामुळे तिथे १ किलोचे सुमारे १३५ ग्रॅम व्हायला हवेत. भाजीला अधिक कोरडे करावे लागते याचे कारण साखर आहे. फळातील साखर उरलेले पाणी धरून ठेवते आणि ते सूक्ष्मजीवांच्या उपयोगी पडत नाही. भाजीत हे संरक्षण फारसे नसते.

वजन योग्य आले की हाताने तपासणीही करावी, पण चकत्या पूर्ण थंड झाल्यावरच. गरम चकती नेहमी मऊ लागते, आणि ती अजून ओली आहे असे वाटून अकारण जास्त सुकवली जाते. तीन-चार चकत्या मधोमध कापून पाहाव्यात. कापलेल्या जागी ओल दिसू नये, दाबल्यावर पाणी येऊ नये आणि चकती दुमडली असता ती स्वतःला चिकटू नये. शेवटच्या टप्प्यात यंत्राजवळून हलू नये हे उत्तम. सुरुवातीला पाणी उडताना चकतीतली उष्णता घेऊन जाते, त्यामुळे ती भोवतालच्या हवेपेक्षा थंड राहते. पाणी संपत आले की तिचे तापमान हवेइतके चढते आणि रंग व चव थोड्या वेळात बिघडू शकते.

यानंतरची पायरी बहुतेक जण गाळतात, आणि मला ती सर्वांत महत्त्वाची वाटते. एकाच खेपेतील सर्व चकत्या कधीच सारख्या सुकत नाहीत. म्हणून थंड झालेल्या चकत्या काचेच्या बरणीत दोन तृतीयांशापर्यंत सैलसर भराव्यात, झाकण लावावे आणि ७ ते १० दिवस रोज एकदा बरणी हलवावी. जास्त ओल्या चकत्यांतील ओलावा कोरड्या चकत्या शोषून घेतात आणि सर्वत्र समतोल साधतो. या काळात काचेच्या आतल्या बाजूला दव धरलेले दिसले तर सगळ्या चकत्या पुन्हा यंत्रात घालाव्यात. दव दिसले आणि बुरशी नाही, तोवर माल वाचवता येतो.

प्रश्न : पावसाळी, दमट हवेत डिहायड्रेटर वापरण्यात अर्थ आहे का? बाहेरच्या हवेतच इतका ओलावा असताना अन्न कोरडे कसे होणार?

उत्तर : अर्थ आहे, आणि उन्हात वाळवण्यापेक्षा यंत्राचे हेच मोठे बलस्थान आहे. हवा तापली की तिची पाणी सामावून घेण्याची क्षमता झपाट्याने वाढते. ३० अंश तापमानाची आणि ८० टक्के सापेक्ष आर्द्रतेची हवा ५७ अंशांपर्यंत तापवली, तर त्याच हवेची सापेक्ष आर्द्रता सुमारे २० टक्क्यांवर येते. तिच्यात पाणी होते तेवढेच असते, पण आणखी बरेच पाणी घेण्याची तिची तयारी झालेली असते. मात्र पाणी घेतलेली ती हवा यंत्राबाहेर जायला हवी. म्हणून यंत्र भिंतीला चिकटवून किंवा बंद कपाटात ठेवू नये, त्याची झरोक्याची बाजू मोकळी ठेवावी आणि शक्य असल्यास खिडकी किंवा धूर बाहेर टाकणारा पंखा चालू ठेवावा. दमट दिवसांत वेळ जास्त लागेल हे धरून चालावे, आणि सुकलेला माल थंड झाल्याबरोबर बरणीत भरावा, कारण उघड्यावर राहिल्यास तो हवेतील ओलावा पुन्हा ओढून घेतो.

प्रश्न : माझ्या एअर फ्रायरमध्ये सुकवण्याची सोय आहे. तरीही वेगळे यंत्र घेणे आवश्यक आहे का? ओव्हन किंवा मायक्रोवेव्हने हे काम होईल का?

उत्तर : कधीतरी थोड्या फोडी सुकवायच्या असतील तर एअर फ्रायर पुरेसा आहे, पण दोन गोष्टी आधी तपासाव्यात. त्याचे किमान तापमान ६० अंशांपर्यंत खाली येते का ते पाहावे. कित्येक यंत्रे ८० अंशांखाली जातच नाहीत आणि तिथे अन्न सुकण्याऐवजी भाजले जाते. दुसरे म्हणजे पात्रात चकत्यांचा एकच थर पसरता येतो, एकावर एक रचल्यास मधल्या चकत्यांना हवा लागत नाही. पुदिन्यासारखी हलकी पाने त्यातील जोरदार झोताने उडून तापणाऱ्या तारेपर्यंत जाऊ शकतात, म्हणून ती त्यात घालू नयेत.

ओव्हनचीही पहिली अडचण किमान तापमानाचीच असते. ते पुरेसे खाली येत असेल तर दार किंचित उघडे ठेवून फळे सुकवता येतात, परंतु डिहायड्रेटरच्या तुलनेत सुमारे दुप्पट वेळ लागतो, आणि घरात लहान मूल असेल तर उघड्या दाराचा ओव्हन तासन्‌तास चालू ठेवणे मला योग्य वाटत नाही. मायक्रोवेव्हमध्ये थोडी सुगंधी पाने सुकवता येतात. फळांच्या बाबतीत काही भाग शिजतो, काही करपतो आणि वाफ वाहून नेणारा वारा तिथे नसतो.

नवे यंत्र घ्यायचेच असेल तर पंखा मागच्या बाजूला असलेले आणि तापमान ठरवता येणारे निवडावे. मागून येणारी हवा प्रत्येक जाळीवर जवळपास सारखी पोहोचते. पंखा तळाशी असलेल्या यंत्रात जाळ्यांची अदलाबदल अधूनमधून करावीच लागते. ज्या यंत्रावर तापमानाचे बटणच नाही ते घेऊ नये, कारण पानांना ३५ ते ४० अंश पुरतात आणि मांसाला त्याहून कितीतरी अधिक उष्णता लागते.

प्रश्न : भाज्या सुकवण्याआधी वाफवून घ्याव्यात असे सांगतात. त्यामुळे जीवनसत्त्वे दुप्पट वाया जाणार नाहीत का?

उत्तर : काही जीवनसत्त्वे जातात हे खरे आहे, विशेषतः क जीवनसत्त्व, जे उष्णता आणि हवा या दोन्हींनी कमी होते. परंतु न वाफवलेल्या भाजीतील विकरे (एन्झाइम, म्हणजे रासायनिक क्रिया घडवणारी प्रथिने) सुकल्यानंतरही पूर्ण थांबत नाहीत. साठवणीत ती रंग, वास आणि पोषणमूल्य हळूहळू बिघडवत राहतात. गाजर, घेवडा आणि मटार यांना काही मिनिटे वाफ द्यावी. वाफ दिल्याने पेशी सैल होतात, त्यामुळे भाजी लवकर सुकते आणि पुढे पाण्यात घातल्यावर लवकर फुलते. पाण्यात विरघळणारी जीवनसत्त्वे उकळत्या पाण्यात बुडवण्यापेक्षा वाफ दिल्याने कमी वाया जातात. कांदा, लसूण, मशरूम, ढोबळी मिरची आणि टोमॅटो यांना याची गरज नसते.

प्रश्न : कांदा आणि सफरचंद एकाच वेळी यंत्रात ठेवले तर चालेल का?

उत्तर : नको. सफरचंदाला कांद्याचा वास लागतो. अर्धवट सुकलेल्या मालाबरोबर ताजा, ओला मालही मध्येच घालू नये, कारण त्यातून निघालेली वाफ सुकत आलेल्या फोडींचे काम लांबवते.

प्रश्न : मांसाच्या पट्ट्या मसाला लावून थेट डिहायड्रेटरमध्ये सुकवल्या तर त्या सुरक्षित असतात का?

उत्तर : थेट सुकवू नयेत. वर सांगितल्याप्रमाणे पाणी उडत असेपर्यंत अन्न हवेपेक्षा थंड राहते; यंत्र ६० अंश दाखवत असले तरी मांस तितके तापलेले नसते. या अवधीत साल्मोनेलासारखे जीवाणू मरत तर नाहीतच, शिवाय पृष्ठभाग कोरडा होत गेला की त्यांची उष्णता सोसण्याची शक्ती वाढते, आणि नंतर तापमान चढले तरी त्यांतले काही तग धरू शकतात. म्हणून मांस ओले असतानाच आधी वाफेवर किंवा ओव्हनमध्ये त्याचे आतले तापमान ७१ अंशांपर्यंत, आणि कोंबडीचे ७४ अंशांपर्यंत न्यावे, ते टोचून वापरायच्या तापमापकाने तपासावे, आणि मगच ५५ ते ६० अंशांवर सुकवावे. चरबी सुकत नाही, ती खवट होते. त्यामुळे चरबी नसलेला भागच निवडावा. घरी सुकवलेले मांस हवाबंद डब्यात बाहेर दोन आठवड्यांपलीकडे ठेवू नये, त्यापुढे ते फ्रीजमध्ये किंवा फ्रीझरमध्ये ठेवावे. अंडी आणि दुधाचे पदार्थ मात्र घरच्या यंत्रात सुकवूच नयेत.

प्रश्न : सुकवलेले टोमॅटो लसणाबरोबर तेलात बुडवून ठेवले तर बाहेर किती महिने टिकतील?

उत्तर : महिन्यांचा विचारही करू नये, अशी माझी आग्रहाची विनंती आहे. क्लॉस्ट्रिडियम बॉट्युलिनम या जीवाणूचे बीजाणू मातीत असतात, लसणावर सहज येतात आणि सुकवण्याने मरत नाहीत. हा जीवाणू प्राणवायू नसलेल्या जागी वाढतो, आणि तेल नेमकी तीच जागा निर्माण करते. टोमॅटोत आम्ल असते, लसणात ते पुरेसे नसते. थोडासा ओलावा उरला असेल तर खोलीच्या तापमानाला त्याचे विष तयार होऊ शकते. त्या विषाने मज्जातंतूंचे काम थांबते, श्वास बंद पडू शकतो आणि अन्नाचा वास किंवा रूप बदललेले असेलच असे नाही. टोमॅटो कोरडेच साठवावेत आणि वापरायच्या दिवशी तेलात घालावेत. तेलातले मिश्रण उरलेच तर ते फ्रीजमध्ये ठेवून तीन-चार दिवसांत संपवावे.

प्रश्न : यंत्र रात्रभर चालले तर वीज किती खर्च होते?

उत्तर : यंत्राच्या मागे लिहिलेले वॅट आणि तास यांचा गुणाकार करून १,००० ने भागावे. ५०० वॅटचे यंत्र १० तास चालले तर जास्तीत जास्त ५ युनिट. प्रत्यक्षात आकडा कमी येतो, कारण ठरवलेले तापमान गाठल्यावर तापणारी तार मधूनमधून बंद होते. जाळ्या अर्ध्या रिकाम्या ठेवूनही वीज त्या प्रमाणात वाचत नाही, म्हणून पुरेसा माल जमल्यावरच यंत्र लावावे, आणि रात्री झोपताना लावण्याऐवजी सकाळी सुरू करावे, म्हणजे शेवटच्या तासांत वजन आणि चकत्या तपासायला कोणीतरी जागे असेल.